एका भुट्ट्याइतका वेळ

लिहिणार नव्हतो हे. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. ज्या किश्श्यावर सगळी पंगत पोट धरून हसते, त्यावर आपल्याला हसू येईनासं झालं, हे सांगायचं तरी कसं? पण आज सकाळी खिडकीला धुकं येऊन टेकलं, आणि बोटं ऐकेनात.

तर धुकं.

चिखलदऱ्याचं धुकं. लोक त्याला दुधासारखं म्हणतात, पण दुधाला निदान भांडं असतं. हे बिनभांड्याचं, बिनकाठाचं, सातपुड्याच्या खांद्यावरून अलगद उतरणारं, सागाच्या ओल्या रुंद पानांवर गाल घासणारं. श्वेत, शीतल, शब्दहीन. आणि त्याच्या तळाशी पंचबोलची दरी. एक हाक टाकावी, पाच परत याव्यात. दरी पदरचं काही बोलत नाही. दिलेलं तेवढं परत करते. जसंच्या तसं, पाच पट.

अकरा वर्षांपूर्वी त्या दरीच्या काठावर प्रणिता उभी होती. लग्नाला नऊ दिवस झाले होते. हळद अजून नखांच्या कडेला होती, हिरवा चुडा मनगटाला अजून टोचत होता, चप्पल नवी होती आणि नवराही नवा होता.

नवऱ्याचं नाव धनराज. पण ते नाव तिच्या ओठांना बंद होतं. पाठवणीच्या वेळी आईनं कानाशी लागून सांगितलं होतं, "नवऱ्याचं नाव घेत जाऊ नको, बाई. एकदा घेतलं का त्याचा एक दिवस कमी होते." प्रणिता पदवीधर. तिला हसू आलं होतं. पण नाव तिनं घेतलं नव्हतं. एक दिवस म्हणजे काही थोडा नसतो, नव्या नवरीला.

"मार नं हाक! माह्या नावानं मार!" धनराज म्हणाला.

ती लाजली. लाजता लाजता दोन्ही तळव्यांची ओंजळ तोंडाशी धरली आणि साऱ्या सातपुड्याला ऐकू जाईल अशी तिनं हाक मारली.

"अहोऽऽऽ!"

अहो, म्हणाली दरी. अहो, अहो, अहो, अहो. कठड्याशी उभे असलेले सगळे नवरे एकदम वळले. कुणाच्या हातातला चहा सांडला. कॉलेजची पोरं होती, ती एका सुरात ओरडली, "काय होऽऽ!" आणि दरीनं तेही पाच वेळा म्हणून दाखवलं. प्रणिताही हसली. मनापासून हसली. तिथंच हा किस्सा संपला असता, तर तो जगातला सगळ्यात गोड किस्सा झाला असता.

पण तिनं मागं वळून पाहिलं, तर धनराज नव्हता.

धुकं होतं. हातभर अंतरावर धुकं, त्यामागं धुकं, त्यामागंही धुकंच. तिनं हाक मारली, अहो. दरी म्हणाली, अहो. तिनं पुन्हा मारली. आवाज चहूकडून आला, आपलाच, आपल्यालाच. मग पोरांतला कुणीतरी लांबून "ओ" म्हणाला, आणि त्या ओच्या मागं ती चालत गेली. कठडा संपला हे तिच्या लक्षात आलं नाही. गवत ओलं होतं. उजव्या पायाखाली जमीन होती, डाव्या पायाखाली नव्हती.

चप्पल गेली. खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

ती मटकन खाली बसली. मग चिखलातून, गुडघ्यांवर, हातांवर, हिरवा चुडा फोडत फोडत मागं सरकली. आणि तेव्हा भुट्ट्याच्या गाडीमागून धनराज आला. हसत आला. भुट्टा खात आला. कोळशावर भाजलेला, लिंबू-तिखट चोळलेला एक अख्खा भुट्टा त्यानं तिच्याकडं बघत बघत खाल्ला होता, आणि शेवटच्या दोन ओळी उरल्या होत्या.

"घाबरली?" तो म्हणाला. "घे. उरलाय."

तिला वाटलं होतं तो हात देईल. त्यानं भुट्टा दिला. तिनं तो घेतला आणि खाल्लाही.

मग अकरा वर्षं हा किस्सा चालला. बारशात चालला, वास्तुशांतीत चालला, साक्षगंधाच्या पंगतीत जिलेबीबरोबर चालला. धनराज रंगवून सांगायचा. साडीचा पदर म्हणून खांद्यावर टॉवेल टाकायचा, मान वेळावायचा, बारीक आवाज काढून "अहोऽऽ, अहोऽऽ" करत खोलीभर रांगायचा. "अन् मी आपला भुट्टा खाऊन रायलो!" इथं हशा. "एका चपलेवर आली घरी!" इथं त्याहून मोठा हशा. आणि त्या हशाच्या काठावर, चहाचा ट्रे धरून, प्रणिता बरोब्बर जागेवर हसायची. कुठं हसायचं ते तिला पाठ होतं. तिचं हसू तिच्या आत कुठंच पोहोचत नसे. गेल्या दिवाळीत तिची सात वर्षांची मुलगी पदर ओढत सगळ्यांसमोर रांगली. आईची नक्कल करत. तेव्हाही ती हसली.

त्या रात्री मात्र तिनं मुलीच्या गुडघ्यांना लागलेली धूळ फार वेळ पुसली.

या श्रावणात ते पुन्हा चिखलदऱ्याला गेले. मुलगी आजीकडं होती. बरोबर गुणवंत होता, धनराजचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं लग्न ठरलं होतं, दिवाळीनंतर. म्हणून धनराज वाटेत त्याला शिकवत होता.

"पहिल्याच खेपेले घाबरवून ठेवायचं बायकोले, गुण्या. जन्मभर हसाले सामान होते. हो की नाही वो?"

"हो नं," मागच्या सीटवरून प्रणिता म्हणाली.

तेच धुकं. तीच दरी. कठडा तेवढा नवा, लोखंडी, हिरव्या रंगाचा. भुट्ट्याच्या गाडीवर एक कोरकू बाई कोळसे फुलवत होती. ठिणग्या धुक्यात उडत होत्या, लाल, इवल्या, क्षणजीवी.

"थांब, दाखवतो तुले कसं लपायचं. या खेपेले गाडीमागं नाही, इथं," म्हणून धनराज कठड्याच्या तिसऱ्या खांबापाशी वाकला, पलीकडं उतरला. गुणवंत म्हणाला, "काऊन बे, पडशीन." धुक्यानं धनराजचे पाय घेतले, कंबर घेतली, खांदे घेतले, आणि शेवटी त्याचं हसू घेतलं.

प्रणितानं एक भुट्टा मागितला.

"प्रणिताऽऽ, शोध पाहू!" खालून आलं. दरीनं पाच वेळा म्हटलं. गुणवंत हसला.

मग शेवाळावरून काहीतरी घसरल्याचा आवाज. दगड सुटल्याचा आवाज. आणि मग नुसतीच शांतता, ओली, जड, लोंबती.

"प्रणिता?"

तोच आवाज, पण त्यातला टॉवेल गळून पडला होता. तिला कळलं. लगेच कळलं. कुठून येतोय तेही कळलं. पाच आवाजांतला खरा कोणता हे तिचे कान अकरा वर्षांपूर्वीच शिकले होते. तिसऱ्या खांबाच्या डावीकडं, पुरुषभर खाली, जिथं एक दगड पुढं आलेला आहे आणि पुढं काही नाही.

कोरकू बाईनं भुट्टा तिच्या हातात दिला. गरम होता. प्रणितानं पहिली ओळ खाल्ली.

"प्रणिता! पाय... माहा पाय सुटून रायला!"

गुणवंत धावायला निघाला. तिनं फक्त हात आडवा केला. बांगड्या किणकिणल्या.

"थांबा नं, भाऊजी. गंमत चालली त्यांची."

गुणवंतनं तिच्याकडं पाहिलं. तिचा चेहरा शांत होता, पाणी नसलेल्या विहिरीसारखा शांत. आणि तो थांबला. का थांबला, ते त्यालाही कधी सांगता आलं नाही.

दुसरी ओळ. तिसरी ओळ. दाणे कोवळे होते, दुधाळ होते. खालून हाक आली, प्रणिता. दरी म्हणाली प्रणिता, प्रणिता, प्रणिता, प्रणिता, प्रणिता. आणि काठावर उभी असलेली प्रणिता ओठांतल्या ओठांत म्हणाली, "धनराज."

पहिल्यांदा. जिभेवर किती हलकं नाव होतं ते!

हाक आली. "धनराज." हाक आली. "धनराज." प्रत्येक हाकेला एक नाव, प्रत्येक नावाला एक दिवस. मोजत होती ती. आणि मोजता मोजता तिच्या उरात काहीतरी उमललं, ज्याची तिला भीतीही वाटली आणि ज्यानं तिचे डोळेही भरले. अकरा वर्षांत इतक्या गरजेनं तिला कुणी हाक मारली नव्हती. आणखी एकदा, तिला वाटलं. आणखी एकदाच.

मग खालून तिचं नाव यायचं थांबलं. खाली एक सदतीस वर्षांचा पुरुष लहान पोरासारखा हुंदके देत म्हणत होता, "आई वो. आई वो."

दोन ओळी उरल्या होत्या. तिथं ती थबकली. कणीस हातात फिरवलं. कोळशावरची राख उडाली, बसली. मग तिनं त्याही दोन ओळी खाल्ल्या, एकेक दाणा, सावकाश.

"जा आता, भाऊजी," ती म्हणाली. "तिसरा खांब. डावीकडं. दगड आहे तिथं."

बाईच्या ताडपत्रीची दोरी सोडली. गुणवंतनं ओढलं. धनराज वर आला तो चिखलाचा, रक्ताळल्या गुडघ्यांचा, गवत मुठीत तसंच धरलेला. दोन्ही हातांवर, दोन्ही गुडघ्यांवर, रांगत आला. प्रणिताच्या पायांशी येऊन थांबला. वर पाहिलं. त्याचे ओठ थरथरत होते, आणि त्या थरथरत्या ओठांवर त्यानं महत्प्रयासानं एक हसू चढवलं.

"कसं... कसं घाबरवलं तुले!"

बरोब्बर जागेवर प्रणिता हसली. आणि उघडं, पांढरं, ओकंबोकं कणीस तिनं त्याच्या हातात ठेवलं.

"घ्या," ती म्हणाली. "उरला नाही."

घाट उतरताना धुकं सुटत गेलं, फांदीवरून, वळणावरून, काचेवरून. मागच्या सीटवर डोकं टेकून प्रणिता बसली होती. तेवीस. तेवीस वेळा घेतलं होतं नाव. कुठल्या वर्षातून जातील ते तेवीस दिवस? म्हातारपणातले जातील की पुढच्याच महिन्यातले? तिला पश्चात्ताप हवा होता. शोधला. सापडली ती नुसती भाजक्या दाण्यांची चव.

पायथ्याशी एका हापशापाशी गाडी थांबली. गुणवंत हापसत होता, धनराज हातापायांचा चिखल धूत होता. गाडीची काच बोटभर उघडी होती. पाण्याचा आवाज थांबला, तेव्हा धनराजचा आवाज आला, हळू, घोगरा.

"गुण्या. तू तर तिच्या बाजूलेच होता. वरती काही आयकू नाही आलं नं?"

गुणवंतनं हापशाचा दांडा सोडला.

"मी खाली... रडत होतो बे. तिले सांगू नको. हसंन ते. समद्यायले सांगंन."

धनराजच्या खांद्यावरून गुणवंतनं गाडीकडं पाहिलं. बोटभर फटीतून दोन डोळे त्याच्याकडं पाहत होते. ते हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. काचेवर तिचा श्वास उमटत होता, विरत होता, उमटत होता.

"नाही सांगणार," गुणवंत म्हणाला. "कधीच नाही सांगणार, धन्या. शब्द दिला."

घाट संपला होता. तिथं सपाट शेतं होती, दूरवर पसरलेली, कपाशीची, गप्प. कुठंच दरी नव्हती. तो शब्द एकदाच ऐकू आला.