हूरबाईची बाभूळ

हाशमने कुऱ्हाड उगारली आणि त्याची सून हूरबाई थेट झाडाला पाठ लावून उभी राहिली.

“बाजूला हो, पोरी.”

“हे एक राहू द्या, चाचा.”

हाशमचं डोकंच फिरलं. कच्छच्या बन्नीतल्या या कुरणावर वर्षानुवर्षं माजलेली वेडी बाभूळ त्यानं साऱ्या जमातीला कामाला लावून मुळासकट उपटली होती, तेव्हा कुठे धामण गवत पुन्हा गुडघ्याला लागलं होतं. म्हशी म्हशींसारख्या दिसू लागल्या होत्या. हे शेवटचं झाड पाडलं की सगळ्यांना जेवण घालायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

“या चोरटीनं आपलं गवत गिळलं, आणि तू तिची वकिली करतेस?”

“दुष्काळात म्हशी मेल्या तेव्हा तुम्ही हाय खाऊन खाटेवर पडलात. घर कुणी चालवलं?”

“तू.”

“कशावर? हिच्याच लाकडाचा कोळसा पाडून विकला, त्यावर. हात भाजले, पण तुमच्या नातवांना कुणाच्या दारात उभं केलं नाही मी. तुम्हाला ती चोरटी वाटते. मला नाही वाटत.”

“अगं, म्हशी शेंगा खातात, शेणातून बी कुरणभर पसरतं. एकीच्या शंभर होतील!”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली, पण जागची हलली नाही.

तिच्या मनगटांवर भाजल्याचे वण होते. या हातची भाकरी त्यानं इतकी वर्षं खाल्ली, पण वणांचं कधी विचारलं नव्हतं. सून झाली तरी ती त्याच्या भावाची लेक, भावासारखीच हट्टी. त्याला रागही आला आणि त्याचा ऊरही भरून आला. कुऱ्हाड खांद्यावर टाकून तो घरी गेला.

जेवण मात्र ठरल्यासारखं झालं.

उन्हाळ्यात शेंगा पिकून गळू लागल्या. एका सकाळी शेजारचा इसाक तिकडून चालला होता. ज्याला बघून जमात उठून उभी राहते तो हाशम झाडाखाली ओणवा होऊन, खांद्यावरच्या अजरखच्या नव्या उपरण्यात शेंगा गोळा करत होता. म्हशी यायच्या आत त्याला जमीन साफ करायची होती.

“या अल्ला! आम्हाला बाभळी उपटायला लावलंस, आणि स्वतः शेंगा वेचतोस? म्हातारचळ लागला की काय?”

हाशम कंबर धरून सरळ झाला.

“हसून घे, इसाक. तुझ्या घरात अशी सून असती ना, तर तूही वेचल्या असत्यास.”