भरणीवरची टिटवी

नीरजचा ताप उतरेना आणि समोरच्या भरणीवरची टिटवी गप्प बसेना. सुगंधाबाईंच्या मते ह्या दोन्ही गोष्टी एकच होत्या.

“गावाला आमच्या दारात अशीच ओरडली होती, नि धाकटा दीर गेला माझा,” त्या सुनेला म्हणाल्या. “पोराला एकदा आकडी येऊन गेलीय. पुन्हा आली म्हणजे? जा, हाकलून ये तिला. मी बसते ह्याच्यापाशी.”

अंबिकेचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण आकडीत पांढरे झालेले पोराचे डोळे आठवले, की विश्वासबिश्वास कुठल्या कुठे जायचा. बिल्डिंगखालचा एक दगड तिने मुठीत घेतला.

ब्याण्णव सालचा उन्हाळा. बेव्हर्ली पार्क वसाहतीच्या अलीकडे जुनी मिठागरं बुजवून नव्या बिल्डिंगांसाठी मातीची भरणी चालली होती. अंबिका जवळ जाताच टिटवी किंचाळत तिच्या डोक्यावरून गेली, वळली आणि परत खाली उतरली. तिथे उघड्या मुरमावर मातीच्याच रंगाची अंडी होती. ना काडी, ना गवत.

आणि मातीने भरलेला एक डंपर नेमका तिकडेच मागे येत होता.

टिटवी त्या चाकांसमोर जाऊन पंख पसरून उभी राहिली. मूठभर पाखरू, पण ओरडणं असं, की अंबिकेच्या अंगावर काटा आला. ती हाक तिच्या ओळखीची होती. नीरजला आकडी आली तेव्हा ती स्वतः जिन्यात अशीच ओरडली होती. तेव्हा मजल्यावरची सगळी दारं उघडली होती. तिला कुणी अपशकुनी म्हटलं नव्हतं.

दगड हातातून गळला. ती डंपरच्या मागे जाऊन उभी राहिली. इतके दिवस देवापुढे दिवा लावूनही मन थाऱ्यावर नव्हतं. त्या पाखराशेजारी तिला पहिल्यांदाच एकटं वाटलं नाही.

“ओ बाई! मरायचंय काय?” महिपत मुकादम धावत आला.

“अंडी आहेत इथे.”

“मग? आम्लेट करू?”

“माती तिकडे टाका ना. एवढी जागा पडलीय!”

“माती टाकायच्या खुणा हितल्या हायत. बोलणी मी खाऊ?”

तेवढ्यात गॅलरीतून सुगंधाबाईंची हाक आली, “अंबिकाऽऽ! पोर उठलं गो! अंग नुसतं भाजतंय!”

डंपर घुरघुरत होता.

“जा बाई, पोर रडतंय तुमचं,” महिपत म्हणाला.

ती हलली असती तर माती कोसळली असती. आणि न हलता तिकडे नीरजला काही झालं तर?

“आई, त्याला इकडे घेऊन या!”

“उन्हात? वेड लागलं काय तुला?” सुगंधाबाई ओरडल्या, तरी शिव्या घालत, पोराच्या डोक्यावर ओला पंचा टाकून आल्याच.

अंबिकेने नीरजला ओढून घेतलं. कपाळ तापलेलं, पण डोळे जागेवर होते. त्याने तिचं मंगळसूत्र मुठीत धरलं.

सुगंधाबाई मात्र टिटवीकडे बघत होत्या. ती आता अंड्यांवर सावली धरून, उन्हाने चोच उघडी ठेवून धापा टाकत होती. मग महिपतकडे वळल्या.

“गाव कुठलं रे तुझं?”

“पोलादपूर.”

“तिकडे बाळंतिणीच्या अंगावर माती टाकतात होय?”

महिपतने टोपी काढून डोकं खाजवलं. मग डंपरच्या पत्र्यावर थाप मारली, “आगे लो! अरे, आगे लो!”

माती लांब पडली. धुरळा सगळ्यांच्या अंगावर आला.

“पिल्लं निघेपर्यंत बघतो कसं ते,” तो म्हणाला. “पण जरा लवकर आटपायला सांगा तिला.”

संध्याकाळी ताप होताच. सुगंधाबाईंनी मूठभर मीठमोहऱ्या घेऊन नातवाची दृष्ट काढायला घेतली, आणि बाहेर टिटवी ओरडली. कपाळावरची पट्टी भिजवणारा अंबिकेचा हात थबकला. सुगंधाबाईही थबकल्या. मग गॅलरीत गेल्या, तीच मूठ भरणीच्या दिशेने ओवाळली, “हिच्याही पोरांची जाऊ दे,” असं काहीसं पुटपुटल्या आणि आत आल्या.

शेगडीवर मोहऱ्या तडतडल्या. अंबिकेने नीरजच्या कपाळावरची पट्टी बदलली.