जैनाचं झाड

लवंगेला कळ्या धरल्या की आमच्या गावात तिला पोटुशीसारखं जपतात. जवळ कुणी आरडाओरडा करत नाही, जाळ नेत नाही, आणि डोकं झाकून तिच्यासमोर कुणी उभं राहत नाही. हे त्या डचांना कोण सांगणार? ते आमच्या सेराम बेटाच्या किनाऱ्याला लागले तेच ढोल बडवत. लवंग फक्त त्यांच्या ताब्यातल्या बेटांवर पिकावी, म्हणून बाकीची झाडं तोडत सुटले होते. होड्या वल्हवायला मात्र आमचीच माणसं धरून आणलेली.

सगळा गाव डोंगरात पळाला. मी जैनाच्या झाडाशी बसून राहिले. जैना माझी लेक. ती जन्मली त्या दिवशी हे झाड लावलं होतं. ती तापाने गेली, झाड राहिलं. यंदा पहिल्यांदाच ते कळ्यांनी भरलं होतं.

कुऱ्हाड घेऊन वर आला तो माझा धाकटा भाऊ, इद्रूस. डोक्याला फडकं बांधलेलं. मागे दोन बंदूकवाले, एक डच साहेब आणि त्याचा दुभाष्या.

“ताई, बाजूला हो.”

“खड्डा तूच खणला होतास ना रे? मामाचा मान म्हणून भांडून घेतला होतास.”

“माझी दोन्ही पोरं किल्ल्यात कोंडलीत त्यांनी. हे झाड राहिलं तर ती राहत नाहीत.”

“जेवायला तरी घालतात का, की फुकटच राबतोस?”

“सागो माडाच्या पिठाची भाकरी देतात. बुरसलेली. अजून काही बोलायचं असेल तर बोलून घे.”

ती पोरं माझेच भाचे. मी उठले.

इद्रूसने कुऱ्हाड उचलली, तेवढ्यात दगडावर बसलेला तो साहेब काहीतरी बोलला. त्याच्या मांडीवर कागद होता.

“साहेब चित्र काढतायत,” दुभाष्या म्हणाला. “तसाच उभा राहा.”

इद्रूस तसाच उभा राहिला. मला वेडीला वाटलं, चित्र संपेपर्यंत तरी झाड आहे. मी धावत जाऊन त्या माणसाला शहाळं फोडून दिलं. तो हसला, सावकाश प्यायला. मी दुसरं दिलं. ते त्याने बाजूला ठेवलं आणि पुन्हा काढू लागला. इद्रूसची कुऱ्हाड अजून वरच होती. खाली आण म्हणावं, तर कुठल्या तोंडाने? वेळ तर मीच काढत होते.

चित्र झालं. त्याने मोठ्या कौतुकाने मला दाखवलं. खाडी, होड्या, धूर, झाड, झाडाखाली कुऱ्हाड उगारलेला माणूस. मी त्यात नव्हते.

इद्रूसने कुऱ्हाड खाली टेकवली. डोक्याचं फडकं सोडलं, कमरेला खोचलं, झाडासमोर मान लववली. मग घाव घातला. रडत होता, पण थांबला नाही.

त्याची पोरं सुटल्याचं पुढे कळलं. बरं झालं. मनापासून म्हणते.

तो कागद मात्र डोक्यातून जात नाही. त्यात माझ्या भावाच्या डोक्यावर फडकं तसंच आहे. बघणाऱ्याला वाटेल, कुणी परकाच आला होता.