दोन गुलाबांची झारी

मी एक जुनी पत्र्याची झारी आहे, मित्रांनो. दोन कबरस्तानांच्या मधल्या भिंतीवर माझा खिळा आहे. भिंतीच्या एका अंगाला क्रूस, दुसऱ्या अंगाला मातीचे साधे उंचवटे. मध्ये छोटे फाटक, आणि नळ दोन्हीकडे मिळून एकच.

पत्रेवाल्याने घडवले तेव्हा मी लखलखत होते. आता थकले आहे. बुडाची भोके दोनदा कथलाचा डाग देऊन बुजवली, तरी पाणी वाटेतच सांडते.

रोज सकाळी दोघे येत. एक म्हातारी नर्स, सगळे तिला सिस्टरच म्हणतात. ती नवऱ्याच्या कबरीशी प्रार्थना करी. दुसरे टेलर मास्तर. ते बायकोच्या कबरीशी दुवा मागत. दोन्ही कबरींवर एकेक गुलाब होता. मास्तरांचे गुडघे दुखतात म्हणून सिस्टर गुपचूप त्यांच्याही गुलाबाला पाणी घाली. सिस्टर दमते म्हणून मास्तरही तेच करत. शेवटी दोन्ही गुलाब मुळाशी कुजले!

"मास्तर, बुडवलंत की हो आमच्या ह्यांना!"

"आणि तुम्ही आमच्या बेगमला पोहायला शिकवत होतात वाटतं?"

मग नवी रोपे लावली आणि ठरले, की जो आधी येईल त्याने दोन्ही रोपांना पाणी घालायचे आणि मला भिंतीवर उपडी ठेवायचे, म्हणजे मागून येणाऱ्याला पाणी झाल्याचे कळेल. संध्याकाळी राखणदार मला पुन्हा खिळ्याला अडकवी. अशी बावीस वर्षे गेली.

यंदा सिस्टर घरात पडली. खुब्याचे हाड मोडले, ती अंथरुणाला खिळली. हे कळले त्या सकाळी मास्तरांनी दोन्ही गुलाबांना पाणी घातले, पण मला भिंतीवर ठेवले नाही. काठी टेकत टेकत तिच्या खिडकीशी नेले. आत ती रडत होती.

"नेम मोडला हो, मास्तर. ह्यांना वाटेल, विसरली."

मास्तरांनी मला खिडकीच्या कट्ट्यावर उपडी ठेवले. बुडावरून ओघळ उतरले.

"नाही मोडला. प्रार्थनाही केली तुमच्या वतीनं. तुमचे शब्द येत नाहीत मला, माझेच वापरले. चालतील ना?"

सिस्टरने डोळे पुसले. "न चालायला काय झालं? सदरे जन्मभर तुमच्याच हातचे घातले त्यांनी."

तेव्हापासून रोज माझी ही फेरी असते. मित्रांनो, बुडाला पुन्हा भोक पडले आहे. मला टाकून नवी आणू नका, एवढा एक डाग द्या. सिस्टर अजून उठत नाही. उजाडले की ती कट्ट्याकडे बघत पडून असते.