एन्ट्रीची टाळी

“थांबायचंच नाही मुळी,” रसेल म्हणाला. “दारातून आत यायचं आणि थेट बोलायला लागायचं.”

मिस कोराली आरशासमोर बसल्या होत्या. मी मागे उभी राहून त्यांच्या ब्लाऊजची हुकं लावत होते. त्यांनी मान वळवली नाही, आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं.

“वय काय रे तुझं?”

“सव्वीस.”

“आईला विचार तुझ्या. कोराली हॅस्केट स्टेजवर आली की लोक काय करायचे, विचार.”

“विचारलंय. टाळ्यांनी छप्पर उडायचं म्हणते,” रसेल म्हणाला. “पण मिस हॅस्केट, आई आता नाटकाला येत नाही. तिचे गुडघे दुखतात.”

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेला हॉरेस डव्ह खोकल्यासारखं हसला. तो नाटकात म्हाताऱ्या शेजाऱ्याचं काम करायचा. मिस कोरालींनी पावडरचा पफ त्याच्या दिशेने भिरकावला आणि रसेलला म्हणाल्या, “जा आता. मला चेहरा करायचाय.”

रसेल आमचा दिग्दर्शक. पोरगा वाईट नव्हता. पण दिग्दर्शकाने पहिल्या अंकातला एक पॉज काढायला सांगितला, तर बाईंचा एवढा अपमान का व्हावा, हे त्याला समजण्याचं वय नव्हतं.

आमच्याकडे नाटकवाल्यांची एक जुनी रीत आहे. नावाजलेला नट पहिल्यांदा स्टेजवर आला की तो एक शब्द बोलायच्या आधी लोक टाळ्या वाजवून त्याचं स्वागत करतात. नटाने तेव्हा वाकून नमस्कार करायचा नाही, लोकांकडे बघून हसायचं नाही. भूमिकेतच राहायचं आणि टाळ्या ओसरेपर्यंत काहीतरी बारीकसं करत राहायचं. त्यासाठी जागा राखूनच नाटक बसवतात. मिस कोराली हातमोजे काढायच्या. दारात उभं राहायचं, टोपीचा डबा खाली ठेवायचा आणि एकेक बोट सोडवत हातमोजा उतरवायचा. एक्केचाळीस साली न्यूयॉर्कला मी त्यांच्या कपडेपटावर नवीन लागले, तेव्हा दोन्ही हातमोजे निघायचे तरी टाळ्या चालूच असायच्या. मग त्या टोपीची पिन काढायच्या, टोपी ठेवायच्या, केस सारखे करायच्या. समोरचा नट बिचारा खुर्चीत बसून राहायचा. एकदा तर त्याने सिगारेट पेटवली होती.

तेव्हा त्यांच्या सिनेमांची आठवण ताजी होती. हॉलिवूडने त्यांना सहा-सात वर्षं वापरलं. बहुतेक सिनेमांत त्या जहाजाच्या कठड्याला टेकून कुणाला तरी निरोप द्यायच्या. मग वय दिसायला लागलं आणि स्टुडिओने करार संपवला. त्यानंतर त्या नाटकात आल्या, आणि खरं सांगायचं तर नटी तिथेच झाल्या. पण लोक टाळी वाजवायचे ती जहाजावरच्या मुलीला. हे त्यांना ठाऊक होतं. “असू दे ग, व्हेस्टा,” त्या म्हणायच्या. “तिच्या नावावर का होईना, मला घरात तरी घेतात.”

मी म्हणतेय तो उन्हाळा चौसष्ट सालचा. उन्हाळ्यात न्यूयॉर्कची थिएटरं तापतात, मग आमच्यासारख्या कंपन्या गावोगावच्या रिकाम्या कोठारांतून आणि तंबूंतून नाटकं करत फिरतात. मिस कोराली त्यात सत्तरीच्या आत्याचं काम करत होत्या. वय अठ्ठावन्न होतं. बाकीचं मेकअपच्या पेन्सिलीने पुरं करायचं. आत्या पहिल्यांदा व्हरांड्यातून आत येते आणि म्हणते, “स्टेशनवर कुणी आलं नाही, म्हणून चालतच आले.”

उन्हाळ्याच्या सुरुवातीला टाळी एका हातमोज्यापुरती उरली होती. पुढे दोन बोटांपुरती. आणि ओहायोतल्या एका कोठारात ती आलीच नाही.

मी विंगेत उभी होते. मिस कोराली आत आल्या, डबा ठेवला, अंगठा सोडवला. समोर चिडीचूप. त्यांनी पहिलं बोट सोडवलं. सवयच ती, शरीर थांबून राहिलं होतं. प्रेक्षकांना वाटलं, म्हातारी वाक्य विसरली. पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, आणि ते मलासुद्धा ऐकू आलं, “बिचारी गं! कुणीतरी सांगा तिला.”

दोन दिवसांनी तिथल्या पेपरात आलं की मिस हॅस्केट यांना अलीकडे संवाद आठवत नाहीत असं दिसतं. शरद ऋतूत न्यूयॉर्कला एक मोठं नाटक यायचं होतं आणि त्यातली आईची भूमिका त्यांना जवळजवळ मिळालेली होती. त्या नाटकाच्या निर्मात्याने रसेलला फोन केला. विचारलं, “बाई ठीक आहेत ना रे? की गेली स्मरणशक्ती?”

म्हणून रसेल त्या दिवशी रंगपटात आला होता.

तो गेल्यावर हॉरेसने पेपर खाली ठेवला. “कोराली, पुढच्या रांगेत माझा मेहुणा बसवू का? खाटीक आहे. असे पंजे आहेत त्याचे! एकटाच शंभर जणांची टाळी वाजवेल.”

“मेहुण्याला म्हणावं, बायकोसाठी वाजव. तिला गरज आहे, तुझी बहीण आहे ती.”

हॉरेस हसला, पण लगेच गंभीर झाला. “ऐक माझं. मला जन्मात कधी एन्ट्रीची टाळी पडली नाही. मेलो का मी?”

“तुला नाही पडली, म्हणून तुला चालतं,” त्या म्हणाल्या. हॉरेसने पेपर पुन्हा उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला कोठाराच्या मागच्या दाराशी बोलावलं. हातमोजे घातले, डबा घेतला. “तू आत बस. मी बाहेरूनच बोलत येते. कसं वाटतं सांग.”

दार बंद होतं तेव्हाच आवाज आला, “स्टेशनवर कुणी आलं नाही...” दार उघडलं, “...म्हणून चालतच आले!” आणि डबा दाणकन जमिनीवर. मला हसू फुटलं.

“हसलीस का?”

“आत्या हसवतेच आहे, मिस कोराली.”

“इतके दिवस नव्हती हसवत,” त्या म्हणाल्या.

त्या दिवसाच्या प्रयोगाला लोकही हसले. वाक्य चांगलं विनोदी होतं. टाळीची वाट बघताना ते वाया जात होतं. रसेलने त्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. न्यूयॉर्कचं काम पक्कं झालं. ते नाटक पुढे आलं, चाललं, बाईंचं नावही झालं. पण हातमोजे त्यांनी त्यानंतर कधी कुठल्याच नाटकात एन्ट्रीला काढले नाहीत.

आता त्या रविवारचं सांगते.

त्याच उन्हाळ्यातला शेवटचा मुक्काम पेन्सिल्व्हेनियात, कोळशाच्या खाणींच्या भागात होता. तंबूपासून मिल्नर पॅच ही खाणकामगारांची वस्ती अगदी जवळ. मिस कोरालींचा जन्म तिथला. स्टुडिओने छापलं होतं की त्या व्हर्जिनियातल्या जमीनदाराच्या कन्या. खरं म्हणजे वडील स्लोव्हाकियातून आलेले खाणकामगार, आणि मिस कोरालींचं खरं नाव झुझाना, घरच्यांची झुझ्का. आईच्या अंत्यविधीनंतर त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या. थोरली बहीण हाना तिथेच राहायची. तिला मिस कोरालींनी रविवारच्या दुपारच्या खेळाचं बोलावणं धाडलं होतं, तिने कळवलं होतं, ‘बघते.’

दुपारी चर्चची बस आली. हाना एकटी आली नव्हती. तिने वीस-पंचवीस बायका आणल्या होत्या, सगळ्या डोक्याला रुमाल बांधलेल्या, बऱ्याच जणी खाणीत नवरा गमावलेल्या. त्यांतल्या कुणी नाटक असं पाहिलंच नव्हतं. तंबूत उकडत होतं, बाजूचे पडदे वर गुंडाळले होते, तरी त्या चर्चमध्ये बसतात तशा ताठ बसल्या.

नाटक सुरू झालं. विंगेतून मिस कोरालींचा आवाज चढला, “स्टेशनवर कुणी आलं नाही...” आणि त्यांनी दारात पाऊल टाकलं मात्र, तंबूचा मधला भाग एकदम उठला. त्या सगळ्या बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. कष्टाचे हात ते. असा आवाज मी न्यूयॉर्कलाही ऐकला नव्हता. बाकीचे लोक माना वळवून बघायला लागले आणि तेही वाजवायला लागले.

मी मिस कोरालींना बघत होते. त्यांचा उजवा हात डाव्या हातमोज्याकडे गेला, अंगठ्याला टेकला. पण वाक्य अर्धं तोंडाबाहेर पडलेलं होतं. अर्ध्यावर तोडलं असतं तर ते खरंच विसरल्यासारखं दिसलं असतं. हात खाली आला. “...म्हणून चालतच आले,” त्या म्हणाल्या, कुणाला ऐकू गेलं नाही. त्या पुढचं बोलल्या. हॉरेस बोलला. त्या पुन्हा बोलल्या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने दुसरीला ओढून बसवलं. टाळ्या थांबल्या त्या ओसरून नव्हे, चूक पकडली गेल्यासारख्या. हाना सगळ्यांत शेवटी बसली.

प्रयोग संपल्यावर हाना मागच्या तंबूत आली. हातात कापडात गुंडाळलेला, अक्रोड भरलेला गोड पाव. मिस कोराली चेहऱ्याला क्रीम लावून पुसत होत्या. अर्धा चेहरा आत्याचा, अर्धा त्यांचा.

“बस, हाना.”

“नाही, बस सुटेल. घे हा. काल भाजलाय.” तिने पाव टेबलावर ठेवला. जरा थांबून म्हणाली, “आमचं चुकलं वाटतं काहीतरी.”

“नाही गं.”

“फादरनी सांगितलं होतं, मोठी नटी आली की उभं राहून टाळ्या वाजवतात. आम्ही येताना बसमध्ये सराव केला. मारियाच्या हाताला संधिवात, तरी वाजवत होती. ड्रायव्हर ओरडला आमच्यावर.” ती हसली नाही. “तू बघितलंसुद्धा नाहीस, झुझ्का. बायका म्हणतायत, मोठी झाली ती आता.”

मी तोंड उघडलं होतं. मिस कोरालींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. सांगणार तरी काय होते? ओहायोतलं ते कोठार, तो पेपर, तो फोन? बाहेर बसमध्ये बायका बसल्या होत्या; त्यांना हे सगळं कोण समजावणार होतं?

“ऐकलं मी, हाना,” त्या म्हणाल्या. “सगळं ऐकलं.”

बसचा भोंगा वाजला. हाना दाराशी गेली आणि परत फिरली.

“हे काय, असंच अर्धवट तोंड घेऊन बसणारेस?” तिने बाहीतून रुमाल काढला, कोपरा जिभेला लावून ओला केला आणि धाकटीची हनुवटी एका हाताने धरली. पेन्सिलीच्या रेघा ती एकेक करून पुसत गेली, कपाळावरच्या, गालावरच्या. मिस कोरालींनी डोळे मिटून घेतले होते. ओठांच्या कडेपाशी हाना थांबली. परत रुमाल ओला केला, जोर लावून घासलं.

“ही एक निघतच नाही गं.”

“राहू दे,” मिस कोराली म्हणाल्या. “ती माझीच आहे.”