लाल खुणेपर्यंत

मी टाकी बोलतेय. पाण्याची नव्हे. माझ्या पोटात द्रव नायट्रोजन असतो आणि त्यात बुडवून ठेवलेले, डोळ्यांना न दिसण्याइतके लहान भ्रूण. त्यांना काय म्हणायचं, यावर सध्या कायदे करणाऱ्यांचा वाद चालला आहे. मी त्यात पडत नाही. मला फक्त गार ठेवता येतं.

दिसायला मी दुधाच्या कॅनची थोरली बहीण. दोन भिंती आणि मधे पोकळी. कारखान्यातल्या फोरमनने सहा दिवस तपासून माझ्या पाठीवर थाप मारली होती, "ही गळायची नाही." मी गळले नाहीच. पण नायट्रोजनचा स्वभावच उडून जाण्याचा. नुसती उभी असले तरी माझ्यातला रोज एक सेंटीमीटर कमी होतो.

म्हणून या वंध्यत्व उपचार केंद्रात एक काम कधी चुकत नाही. रोज सकाळी प्रयोगशाळेतल्या ताई माझं झाकण उचलतात, लाकडी पट्टी तळापर्यंत बुडवतात आणि बाहेर काढून हवेत हलवतात. जिथवर नायट्रोजन होता तिथवर पट्टीवर बर्फाची पांढरी साय धरते. तो आकडा वहीत जातो. वार, वेळ, आकडा, सही. नऊ वर्षांत एक रकाना रिकामा नाही.

नर्सबाई त्यांना चिडवतात, "ताई, नवऱ्याचा ताप तरी इतक्या वेळा बघता का?"

"त्याला ताप आला की तो घर डोक्यावर घेतो," ताई म्हणतात. "ही बिचारी बोलत नाही."

पट्टीवर बारा सेंटीमीटरला लाल खूण आहे. नायट्रोजन तिच्याखाली गेला की भ्रूणांच्या नळ्यांना ऊब लागायला सुरुवात होते. इतर घरांत ऊब म्हणजे माया असेल. माझ्याकडे ऊब म्हणजे शेवट. दर सोमवारी गाडी येऊन मला चाळीसपर्यंत भरायची, म्हणून त्या खुणेचा मला कधी धाक वाटला नव्हता.

माझ्या तिसऱ्या डब्यात निळ्या टोपीच्या तीन नळ्या आहेत. त्या एका शर्टांच्या कॉलर शिवणाऱ्या बाईच्या. तिला मोठं आजारपण आलं, आणि औषधं सुरू झाली की पुढे मूल होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषधांच्या आधी तिने आणि नवऱ्याने हे भ्रूण इथे ठेवले. ती बरी झाली. दोन प्रयत्न फसले. आता या तीन नळ्या, बस्स. चौथी कुठूनही यायची नाही.

तिची सासू पहिल्यांदा आली तेव्हा प्रयोगशाळेच्या काचेला नाक लावून म्हणाली, "अगं बाई, माझी नातवंडं या डब्यात? किती ती थंडी! स्वेटर विणून आणू का?"

"आई, गप्प बसा हो," सुनेने कोपराने ढोसलं.

"का गप्प? तू कॉलर शिव, मी स्वेटर विणते."

पुढच्या खेपेला तिने खरंच एक पिवळा, तळहाताएवढा स्वेटर आणला. प्रयोगशाळेत बाहेरचं काही चालत नाही, म्हणून तो काचेपलीकडच्या खुंटीवर टांगला. मला इथून दिसतो.

तिसऱ्या प्रयत्नासाठी गुरुवार ठरला. त्याच सुमारास नव्या कायद्याची बातमी आली. हा उपचार बंदच करावा, असं काहींचं म्हणणं होतं. पण जुना कायदा अजून चालू होता आणि उपचार त्यात बसत होता. आमच्या डॉक्टरबाई मात्र काटेकोर. त्यांनी वरच्या कचेरीला पत्र लिहायला घेतलं: नवा कायदा होईपर्यंत आम्ही काम चालू ठेवावे ना?

ताई म्हणाल्या, "मॅडम, विचारू नका. विचारलं की त्यांना 'नाही' लिहायला कागद मिळतो."

"आपलं सगळं नियमात आहे ना? मग भ्यायचं कशाला?"

पत्र गेलं. सोमवारी गाडी येऊन मला भरून गेली. मंगळवारी उत्तर आलं: स्पष्टीकरण होईपर्यंत परवानगी स्थगित, सर्व काम थांबवावे.

सासू-सून धावत आल्या. "कायदा झाला का?" सासूने विचारलं.

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग बंद कोणी केलं?"

डॉक्टरबाईंनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. "मी विचारलं म्हणून झालं."

गुरुवारसाठी चालू असलेल्या गोळ्यांचं पाकीट सुनेच्या हातात होतं. ते तिने पर्समध्ये ठेवलं आणि चेन लावली.

पुढच्या सोमवारी गाडी आली नाही. ताईंनी फोन केला. "ताई, तुमची परवानगी नाही, मी माल कसा उतरवू?" गाडीवाला म्हणाला. "लेखी आणा, अर्ध्या तासात दारात येतो." नळ्या दुसऱ्या केंद्रात हलवायच्या तर परवानगी लागते, आणि ती त्याच कचेरीची. ताई वही घेऊन तिथे गेल्या. कारकुनाने पानं चाळली. "वही काय सुरेख ठेवलीय हो! पण तुमचा अर्ज नमुन्यात नाही."

आणखी एक सोमवार तसाच गेला. आज गुरुवार. आजचा आकडा तेवीस. लाल खुणेपर्यंत अकरा दिवस. परवानगीबद्दल कचेरीने ठेवलेली सुनावणी पंधरा दिवसांनी आहे.

वाचणाऱ्यांनो, माझाही अर्ज नमुन्यात नसेल. पण तुमच्यापैकी कोणी त्या कचेरीत बसत असेल, कोणाची तिथे ओळख असेल, तर एवढं सांगा: कायदा कसा करायचा ते खुशाल भांडून ठरवा, वर्ष लावा. पण तो होईपर्यंत कालचा हक्क आज काढून घेऊ नका. तुम्ही थांबू शकता. मी थांबवून धरू शकते, तेही रोज एक सेंटीमीटर कमी.

सकाळी सासू एकटीच आली होती. काचेपलीकडून तिने ताईंना खूण केली. "आज किती?"

"तेवीस, मावशी."

"तेवीस? मग भरपूर आहे की!" तिने खुंटीवरच्या स्वेटरची धूळ झटकली आणि तो परत नीट टांगला.

ताई हो म्हणाल्या. पट्टी त्यांनी पाठीमागे धरली होती. लाल खुणेवर त्यांचा अंगठा होता.