सतरा अर्ज

आमच्या कामात एकच नियम: कागदावर काही लिहायचं नाही. कोण कुणावर खार खाऊन आहे, कुणाच्या गादीखाली सुरा आहे, सगळं डोक्यात ठेवायचं. दोन गल्ल्यांत भांडण पेटायच्या आत मध्ये जाऊन बसायचं, आणि ऐकलेलं पोलिसांना सांगायचं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. म्हणून तर वरची गल्लीही मला घरात घेते आणि खालचीही. आठ महिने एक मुडदा पडला नव्हता. अहो, आठ महिने! चेष्टा आहे का?

हा नियम मीच मोडला, भाचीच्या नादाने.

भाची म्हणजे ताईची एकुलती एक. वय अठरा, तोंड चाळिशीचं. आम्ही तिला वकिलीणबाईच म्हणतो. नगरपालिकेने तरुणांचं म्हणणं ऐकायला सभा ठेवली, तेव्हा ती माझ्या मागेच लागली. "मावशी, आपल्या रंगाच्या पोरांना दिवसाआड चौकात भिंतीला लावून झडती घेतात. गोरी पोरं शेजारून सायकली पिटाळत जातात, त्यांना कुणी हटकत नाही. हे तिथे बोलायला नको? कागदावर नसलो तर त्यांच्या लेखी आपण नाहीच."

बोलायचं तर अर्ज भरायचा होता. नाव, पत्ता, आणि खाली प्रश्न: तुमच्यासमोर कधी हिंसाचार झाला आहे का? सतरा पोरं तयार झाली. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हटलं, कारकून हसायला नको. सगळे अर्ज मीच भरले. त्या प्रश्नापुढे सतरा वेळा 'हो' लिहिलं. भाचीच्या अर्जावर तर शहाणपणा करून कुठे, केव्हा तेही लिहिलं: मागच्या वर्षी, पाण्याच्या टाकीजवळ. तिथे तिच्या डोळ्यांदेखत एकाचा खून झाला होता आणि अजून कुणी पकडलं गेलं नव्हतं.

सभेत भाची तीन मिनिटं अशी बोलली, की दारातला शिपाईसुद्धा मान डोलावत होता. मला रडूच आलं. नगरपालिकेच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आणि दुसऱ्या दिवशी सगळेच्या सगळे अर्ज नगरपालिकेच्या वेबसाइटवर, वाटेल त्याने वाचावेत! पारदर्शक कारभार म्हणे. आग लागो त्या कारभाराला.

चौथ्या दिवशी भर दुपारी ताईच्या दाराशी पोलिसांची गाडी आली. त्यांना टाकीजवळच्या खुनाला साक्षीदार हवा होता. भाचीने "मला काही सांगायचं नाही" म्हणून दार लावून घेतलं. पण गाडी अर्धा तास हलली नाही, आणि सगळी गल्ली बघत होती.

मी तशीच खालच्या गल्लीत धावले. तिथल्या पोरांना आवरणारा एकच माणूस, टायरवाला दादा. टाकीजवळ सुरा चालवणारा त्याचाच पुतण्या.

"पोरगी काही बोललेली नाही, दादा," मी म्हणाले. "माझा शब्द आहे."

तो ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होता. "तुझ्या शब्दावर माझी पोरं आठ महिने गप्प बसली," तो म्हणाला. मग हात पुसून त्याने मोबाइल पुढे धरला. भाचीचं नाव, पत्ता, टाकी. अक्षर माझं. "हे लिहिताना हात नाही का गं थांबला तुझा?"

मी मोबाइल त्याच्याकडे परत सरकवला.

"रविवारपर्यंत धरून ठेवतो त्यांना," तो म्हणाला. "पुढचं माझ्या हातात नाही. लांब पाठव तिला." धमकी नव्हती ती. बिचारा मनापासून सांगत होता.

शनिवारी सकाळी तिला बसमध्ये बसवलं. तिने मला चार शिव्या घालाव्यात असं फार वाटत होतं. तिने फक्त विचारलं, "बाकीच्या सोळाजणांच्या घरी गेलीस का?" म्हटलं, इथून तिकडेच निघालेय. ती चढली आणि खिडकी सोडून आतल्या सीटवर बसली.

बस गेली तरी ताई रस्त्यातच उभी. मी तिच्या दंडाला हात लावला, तर तिने तो झटकून टाकला.

"आठ महिने लोकांची पोरं सांभाळलीस," ती म्हणाली. "माझी एकच होती गं."